वाऱ्याच्या अंदाजाने आखलेली टेसलची सायकलफेरी

नेदरलँड्समधल्या टेसल बेटाला एका दिवसात सायकलने पूर्ण चक्कर मारायची असेल तर सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची, ती म्हणजे कुठल्या बाजूने फिरायचं, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे की उलटं. बाकी सगळं, म्हणजे ट्रेन, बोट, जेवण, कुठे थांबायचं, कपडे, ते त्याच्या मागून आपोआप येतं. आणि ही पहिली गोष्ट आपण नाही ठरवत, वारा ठरवतो. इथे अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या अ‍ॅमस्टेलव्हेनमधल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांतून विचारणा होते, टेसलला जाऊन आलात ना, कसं केलंत, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

नकाशात टेक्सेल असं दिसतं, बोलताना टेसल. नेदरलँड्सच्या उत्तरेला बेटांची जी रांग आहे त्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात पश्चिमेकडचं बेट. लांबी साधारण 25 किलोमीटर, रुंदी आठ-दहा. पश्चिमेला नॉर्थ सी, म्हणजे खरा उघडा समुद्र, वाळूच्या टेकड्या, लांबच लांब किनारा. पूर्वेला वाडेन समुद्र, उथळ, ओहोटीला मैलोन्मैल चिखल उघडा पडतो असा, 2009 पासून जागतिक वारसा यादीत आहे. मध्ये सात गावं, शेतं, ट्यूलिप-बिलिपचे पट्टे आणि मेंढ्या, मेंढ्या, मेंढ्या. पूर्ण चक्कर साधारण 60 किलोमीटर होते. नेदरलँड्स सपाट आहे, त्यामुळे 60 म्हणजे काही फार नाही असं वाटतं आणि वारा नसेल तर ते खरंही आहे. पण टेसलला वारा नसतो असा दिवस मिळणं कठीण.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आलेले माझे बाबा. बाबा पोस्टात होते, दापोली भागात आयुष्यभर सायकलवर टपाल वाटलं, चढ-उतार आणि पावसाळा दोन्ही. वय आता 64. त्यांना इथली म्युझियम वगैरे दाखवून झाली होती आणि त्यांना मनापासून जे आवडलं होतं ते म्हणजे सायकलचे रस्ते, रोज सकाळी उठून एकटेच चक्कर मारून यायचे. म्हणून मग म्हटलं की दिवसभराची एक मोठी सायकल ट्रिप यांच्याबरोबर करायचीच, आणि समुद्र पाहिजे, कारण त्यांना समुद्राशिवाय करमत नाही.

आता प्लॅनिंग कसं केलं ते सांगते. नकाशा उघडला की लक्षात येतं की बोट बेटाच्या अगदी दक्षिण टोकाला लागते आणि दीपगृह अगदी उत्तर टोकाला. म्हणजे आधी उत्तरेला जायचं आणि मग दक्षिणेला परत यायचं, याला पर्याय नाही. इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणजे दक्षिण-पश्चिमेकडून येणारा, आणि बेटही साधारण त्याच दिशेला लांबट पसरलेलं आहे. त्यामुळे नेहमीच्या दिवशी जाताना वारा पाठीशी आणि येताना, दमलेलं असताना, सगळा वारा तोंडावर. सायकलवाले सांगतात की आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे येताना सोपं पडेल, ते इथे बोटीमुळे शक्यच होत नाही.

मग हातात काय उरतं? उरतं हे, की दोन बाजूंपैकी कुठली बाजू कधी घ्यायची. पूर्वेची बाजू म्हणजे वाडेनचा डाईक, समुद्राला अडवणारा मोठा बांध, त्याच्यावर झाड नाही, घर नाही, आडोसा नाही, फक्त गवत, मेंढ्या आणि आभाळ. पश्चिमेच्या बाजूला वाळूच्या टेकड्या आणि डे कोख गावाच्या खालून डेन होर्न गावापर्यंत पाइनचं जंगल, शंभरेक वर्षांपूर्वी मुद्दाम लावलेलं. समोरून वारा येणार असेल तर तो जंगलात घ्यायचा आणि पाठून येणार असेल तर तो उघड्या डाईकवर घ्यायचा, इतकं साधं आहे. नैऋत्य वारा असेल तर डाईकवरून वर जा आणि जंगलातून खाली या, म्हणजे घड्याळाच्या उलट. ईशान्येचा वारा असेल, वसंतात स्वच्छ कोरड्या हवेत असतो तसा, तर बरोबर उलटं, जंगलातून वर जा आणि डाईकवरून पाठीवर वारा घेत खाली या. दोन्ही वेळेला डाईकवर वारा पाठीशीच. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

समोरच्या वाऱ्याला लोक फार हलक्यात घेतात, म्हणून थोडं गणित. हवेचा विरोध हवेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. समजा तुम्ही ताशी 15 ने चाललाय आणि समोरून ताशी 30 चा वारा आहे, म्हणजे तुमच्या अंगावर येणारी हवा 45 ची. शांत हवेच्या तिप्पट वेग, म्हणजे विरोध नऊपट. आणि पाठीशी वारा असताना जे मिळतं ते समोरून असताना जे जातं त्यापेक्षा नेहमीच कमी असतं. माझा बिनवाऱ्याचा वेग 16 धरला तर 60 किलोमीटरला पावणेचार तास. वाऱ्याच्या दिवशी जाताना 20 आणि येताना 11 धरले तर जाताना दीड तास पण येताना पावणेतीन, म्हणजे सव्वाचार. आकडा फक्त अर्ध्या तासाने वाढलेला दिसतो पण त्यातला मोठा भाग दुपारनंतरचा आहे, पाय जड झाल्यावरचा, आणि बोट-ट्रेन पण त्याच वेळेला गाठायची असते. म्हणून वेळेचं बजेट करताना मी जाण्याला आणि येण्याला सारखा वेळ कधीच देत नाही, एक भाग जायला आणि दोन भाग यायला असा देते.

तारीख आम्ही आधी पक्की केलीच नाही. जूनमधले दोन-तीन शनिवार-रविवार मोकळे ठेवले आणि अंदाज बघत बसलो. इथला सरकारी हवामान विभाग म्हणजे केएनएमआय, त्याचं हवामान केंद्र, जिथून बोट सुटते त्या डेन हेल्डरजवळ, डे कोय इथे आहे, तिथल्या वाऱ्याची नोंद बघायची. घराजवळचा वारा बघून काही अंदाज बांधू नका, अ‍ॅमस्टेलव्हेनमध्ये बोफर्ट 3 (बोफर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) असतो तेव्हा किनाऱ्यावर आरामात 5 असू शकतो. बोफर्टचं माझं मोजमाप असं: 4 म्हणजे ताशी 20 ते 28, मजा येते. 5 म्हणजे 29 ते 38, येताना चांगलंच जाणवतं पण तयारी असेल तर होतं. 6 म्हणजे 39 ते 49, मी 64 वर्षांच्या माणसाला घेऊन पूर्ण चक्कर मारायला जाणार नाही, अर्धी मारीन. 7 च्या पुढे डच लोक झीलंडमधल्या ओस्टरस्खेल्ड धरणावर समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धाच भरवतात, बिनगिअरच्या सायकलवर साडेआठ किलोमीटर. तो त्यांचा खेळ, त्यांच्याबद्दल मला खरंच आदर आहे. आणि सरासरी वाऱ्याबरोबर झोताचा आकडाही बघा, तोल त्याने जातो. आठवडाभर आधीचा अंदाज फक्त दिशा कळायला ठीक, वेगासाठी शेवटचे दोन दिवसच धरायचे.

गुरुवारी चित्र स्पष्ट झालं, शनिवारी नैऋत्य 4, दुपारी 5, पाऊस नाही. बाबांना फोनवर ते बाणांचं चित्र दाखवलं तर त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे दुपारी वाढणार. आपल्याकडे पण दुपारीच वाढतो. तुझं ते दीपगृह दुपारच्या आत गाठायला पाहिजे." अगदी बरोबर, आणि त्याप्रमाणे सगळं तासभर आधी सरकवलं.

सायकल स्वतःची न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची यावर नवऱ्याशी बरीच चर्चा झाली. ट्रेनमध्ये सायकल नेता येते पण तिचं वेगळं तिकीट लागतं आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेला नेता येत नाही. शनिवारी बंधन नाही, पण डब्यातली जागा भरली असेल तर थांबावं लागतं. बोटीतून उतरलं की तिथेच बंदरावर भाड्याची दुकानं आहेत. शेवटी ठरलं की तिघांनी तिथेच घ्यायच्या, आधी बुक करून, माझी आणि नवऱ्याची गिअरवाली आणि बाबांसाठी ई-बाइक. गिअरचं मुद्दाम सांगते, भाड्याच्या साध्या डच सायकलला कधी कधी गिअर नसतात किंवा मोजके असतात, आणि ताठ बसून चालवायची असल्यामुळे सगळी छाती वाऱ्याला लागते. अशा वाऱ्यात कमीत कमी सात गिअर मागा.

बाबा ई-बाइकला तयार नव्हते. "मोटार लावून कसली सायकल?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जाताना बंद ठेवा, पायानेच चालवा. येताना लागेल तेव्हाच चालू करा." हे त्यांना पटलं आणि बॅटरीच्या दृष्टीनेही तेच योग्य होतं, कारण समोरच्या वाऱ्यात बॅटरी भराभर उतरते, दुकानवाले सांगतात त्या किलोमीटरवर विसंबून राहू नये.

रस्ता शोधायला इथे नंबरांची पद्धत आहे, सायकलच्या वाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला नंबर आणि पुढच्या नंबराकडे बाण. ही कल्पना मूळ बेल्जियमच्या लिम्बुर्गमधली, तिथल्या एका खाण इंजिनिअरने काढली आणि 1995 मध्ये पहिलं जाळं सुरू झालं, आता सगळ्या नेदरलँड्सभर आहे. आपण फक्त नंबरांची यादी करायची. मी यादी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तिन्ही सायकलींच्या हँडलला टेपने चिकटवली. वाऱ्यात फोन काढून बघत बसणं नको वाटतं. त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने शॉर्टकट लिहिले. बेट अरुंद असल्यामुळे कुठूनही मधल्या डेन बुर्ख गावाला वळता येतं आणि तिथून बंदर जवळ. डे कोखपासून डेन बुर्ख सहाएक किलोमीटर. म्हणजे कोणी दमलं तर दिवस फुकट जात नाही, चक्कर फक्त छोटी होते. घरातलं मोठं माणूस किंवा मुलं बरोबर असतील तर हा कागद करायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सामान किती आणि कुठे ठेवायचं ते बाबांनी ठरवलं. आडव्या वाऱ्यात हँडलच्या पुढे पिशवी असली की चाक फिरतं, असं त्यांचं म्हणणं, टपालाची पिशवी त्यांनी कधी पुढे लावली नाही. सगळं मागे, खाली, दोन्ही बाजूंना सारखं वजन. वाऱ्याची पातळ जाकिटं, अंगाला घट्ट बसणारी, कारण सैल रेनकोट म्हणजे शीडच. कान झाकणारी टोपी, डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून चष्मे, सनस्क्रीन, कारण गार वाऱ्यात ऊन लागलेलं कळत नाही. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी आणि खजूर.

शनिवारी पहाटे निघालो. अ‍ॅमस्टरडॅमहून डेन हेल्डरला ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास लागतो, शेवटचं स्टेशन, तिथून बोटीच्या वेळेला जोडलेली बस. बोट डेन हेल्डरहून दर तासाच्या अर्ध्याला सुटते आणि टेसलहून तासाच्या ठोक्याला, वीस मिनिटांचा प्रवास. तिकीट जातानाच काढायचं, येताना लागत नाही. ही बोटीची कंपनी, टेसो, बेटावरच्या लोकांनी 1907 मध्ये स्वतः काढली, आधीच्या बोटसेवेला कंटाळून, आणि तिचे शेअर अजूनही मुख्यतः बेटावरच्या लोकांकडेच आहेत. त्यात पुढाकार घेतला होता वागेमाकर नावाच्या डॉक्टरांनी, आज दोन बोटींपैकी एकीचं नाव त्यांच्यावरून आहे. मला हे फार आवडतं, गावाने स्वतःची बोट चालवायची आणि ती शंभर वर्षांहून जास्त नीट चालवायची.

बंदरावर सायकली घेऊन उजवीकडे वळलो आणि डाईक लागला. वारा पाठीत. पहिला अर्धा तास कोणी काही बोललंच नाही इतकं छान वाटत होतं, पाय नुसते पॅडलवर ठेवले तरी सायकल पळते, कानात आवाज नाही, आपल्याच वेगाने वारा चाललेला असतो म्हणून सगळं शांत वाटतं. उजवीकडे वाडेनचं राखाडी पाणी, डावीकडे बांधाच्या पलीकडे शेतं, समुद्राच्या पातळीपेक्षा खाली. बाबा थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "हा आपला खारबंधाराच की, फक्त उंच." खरंय, कोकणात खाडीचं पाणी भातशेतीत घुसू नये म्हणून जे बांध घालतात तेच काम, इथे अख्ख्या बेटाला.

डाईकवर दोन गोष्टी सांभाळायच्या. मेंढ्यांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात लोखंडी पाइपांची जाळी बसवलेली असते, तिच्यावरून सरळ जायचं, वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, आणि ओली असेल तर उतरून चालायचं. दुसरं म्हणजे मेंढ्या रस्त्यातच बसतात आणि शेवटच्या क्षणाला उठतात, पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर हमखास आडवी येतात. हळू व्हा. आणि आतल्या बाजूला पाणथळ जागा आहेत, जूनमध्ये तिथे सुरय पक्ष्यांच्या वसाहती, एवढा कलकलाट की वाऱ्यातही ऐकू येतो. दुर्बीण नेलीत तर इथेच वापरा.

औडेस्खिल्ड हे मासेमारीचं बंदर. इथे मला आवडणारी गोष्ट म्हणजे बंदरासमोरचं पाणी, सतराव्या-अठराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची मोठी जहाजं इथे नांगर टाकून उभी राहायची, कारण आत अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत पाणी उथळ होतं. माल छोट्या बोटींनी इथवर यायचा, माणसं चढायची आणि मग योग्य वाऱ्याची वाट बघत बसायची, पूर्वेचा वारा आला की बाहेर. कधी कधी आठवडेच्या आठवडे. आम्ही तीन दिवस अंदाज बघून तारीख ठरवली ते या पाण्यासमोर उभं राहून अगदी रास्त वाटलं. पिण्याचं पाणी जहाजांना जवळच्या विहिरींतून दिलं जायचं, लोहाचा अंश असलेलं, टिकायचं म्हणे जास्त, आणि त्याचे पैसे डेन बुर्खच्या अनाथाश्रमाला जायचे. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिचे पडके अवशेष अजून आहेत. बाबांनी ती बघितलेली, ते बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभे होते.

इथून थोडं आत होखे बेर्ख, म्हणजे उंच डोंगर, उंची 15 मीटर. हिमयुगात बर्फाने ढकलून आणलेल्या मातीचा उंचवटा. त्यासाठी वाट वाकडी करा, दोन कारणांसाठी. एक म्हणजे तिथली मेंढ्यांची जुनी कोठारं. अर्धंच घर कापून ठेवल्यासारखी दिसतात, एका बाजूला छप्पर उतरत जमिनीजवळ आलेलं आणि दुसऱ्या बाजूला सरळ उभी भिंत. उतरती बाजू नेहमी पश्चिमेकडे किंवा नैऋत्येकडे, वारा वरून निघून जावा म्हणून, आणि दार पूर्वेला. आतमध्ये खरं तर मेंढ्या नसायच्या, चारा आणि अवजारं असायची, मेंढ्या भिंतीच्या आडोशाला उभ्या राहायच्या. नवऱ्याने कागदावरचा वाऱ्याचा बाण आणि छपराचा उतार ताडून बघितला, तंतोतंत. शेताच्या कडेलाही कुंपणाऐवजी गवताच्या मातीचे जुने बांध आहेत, त्यांच्या आडोशाला बसून आम्ही पहिली दशमी खाल्ली.

दुसरं कारण म्हणजे जॉर्जियन सैनिकांचं कबरस्तान. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले सोव्हिएत सैन्यातले जॉर्जियन युद्धकैदी, त्यांच्यातून बनवलेली एक बटालियन जर्मन गणवेशात या बेटावर ठेवलेली होती. 5 एप्रिल 1945 च्या रात्री त्यांनी उठाव केला. मित्रराष्ट्रांची मदत लवकर येईल असा त्यांचा हिशोब, ती आली नाही, आणि जर्मनांनी मुख्य भूमीवरून कुमक आणली. युरोपात 8 मे ला युद्ध संपलं पण इथे लढाई चालूच राहिली, कॅनडाचं सैन्य 20 मे ला पोचलं तेव्हा थांबली. पाचशेहून जास्त जॉर्जियन मेले, बेटावरची शंभराहून जास्त माणसं मेली. लाल गुलाबांची झुडपं आणि रांगेत दगड. काही बेटकरांनी त्या काळात या सैनिकांना आपल्या शेतात, कोठारांत लपवलं होतं. एवढ्याशा सपाट बेटावर माणूस लपवणं म्हणजे काय हे सायकलवरून फिरताना जास्त कळतं, कारण दिवसभर तुम्हाला सगळीकडचं सगळं दिसत असतं.

मग परत डाईक, पाठीवर वारा आणि थेट डे कॉक्सडॉर्प. गावापासून दीपगृह तीनेक किलोमीटर, इथे रस्ता वायव्येला वळतो त्यामुळे वारा डावीकडून आडवा लागतो. आडव्या वाऱ्यात दोघांमध्ये अंतर ठेवा, झोत आला की सायकल हातभर सरकते, हँडल सैल धरा आणि शरीर वाऱ्याकडे थोडं झुकवा. बाबांना हे सांगावं लागलं नाही.

दीपगृह लाल, 1864 मध्ये सुरू झालेलं, आणि त्या उठावात तिथेही लढाई झाली, मनोरा इतका खराब झाला की युद्धानंतर जुन्याच्या भोवती नवीन भिंत बांधली. वर चढताना एका ठिकाणी दोन भिंतींच्या मधल्या जागेतून जुन्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा दिसतात. वरून समोर फ्लीलांड बेट. डे कॉक्सडॉर्पजवळून उन्हाळ्यात तिथे छोटी बोट जाते, मोह खूप झाला पण एका दिवसात दोन्ही नाही, ती वेगळी ट्रिप. बारा वाजले होते, वेळेत होतो. इथे पोटभर जेवलो, मुद्दाम, आणि अर्धा तास आडोशाला पाठ टेकली, कारण पुढचा टप्पा सगळ्यात अवघड.

दीपगृहापासून डे कोखपर्यंतचे दहा-बारा किलोमीटर हा या ट्रिपचा खरा कस आहे. जंगल अजून सुरू झालेलं नसतं, डावीकडे आयरलांड नावाच्या बेटाच्या उत्तर भागातली सपाट शेतं, 1835 मध्ये समुद्रातून काढलेली जमीन, उजवीकडे वाळूच्या टेकड्या पण वारा बरोबर रस्त्याच्या रेषेत. प्लॅनमध्ये इथे आम्ही एका मागे एक जायचं ठरवलं होतं, पुढचा वारा फोडणार, मागचे दोघं आडोशात, आणि थोड्या थोड्या वेळाने पुढचा बदलायचा. पहिली पाळी नवऱ्याची, दुसरी माझी, आणि माझी पाळी अर्धीही झाली नसेल तर बाबा बाजूने आले, मोटार चालू केलेली, आणि म्हणाले, "तुम्ही दोघं मागे या." त्यानंतर स्लुफ्टर नावाच्या खाऱ्या पाणथळ जागेपर्यंत तेच पुढे. पाठ वाकवून, कोपर आत घेऊन, एकसारखा वेग, मागे वळून बघत की आम्ही चाकाला चिकटून आहोत ना. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने पण आलं आणि नुसतं वाऱ्याने नाही. ई-बाइक घेतल्याचा सगळ्यात मोठा फायदा हा, ती सगळ्या ग्रुपला ओढते, म्हणून एक जण तरी घ्याच.

स्लुफ्टरला सायकल लावून पायऱ्यांनी टेकडीवर चढायचं. 1858 मध्ये समुद्राने इथे वाळूची रांग फोडली, लोकांनी ती बंद करायचे प्रयत्न केले, जमलं नाही, आणि आता मुद्दाम तशीच ठेवली आहे. भरतीचं पाणी आत येतं, खाऱ्या जमिनीत वाढणारी झाडं, जुलै-ऑगस्टमध्ये सगळं जांभळं होतं. आम्ही जूनमध्ये होतो, हिरवं होतं. उत्तरेकडचा भाग पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद असतो, पाटी बघा आणि पाळा. शेजारच्या डे मौय भागात चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी दिसले, बाबांनी लगेच ओळखले, आपल्याकडेही येतात म्हणाले.

डे कोखला कॉफी आणि सफरचंदाचा केक, पुढे एकोमारे, तिथे आजारी सील पिल्लं बरी करून सोडतात, वेळ असेल तर तास लागतो, आम्ही बाहेरूनच पुढे गेलो. आणि मग जंगल. पहिल्या झाडांच्या आत शिरलो आणि कानातला आवाज एकदम बंद. वर शेंड्यांना वारा जोरात हलवतोय, तोपर्यंत 5 झालाच होता, आणि खाली आम्ही आरामात गप्पा मारत चाललोय. जाताना जंगलातून आणि येताना डाईकवरून असं केलं असतं तर या वेळेला आम्ही औडेस्खिल्डच्या पुढे उघड्यावर असतो. डेन होर्नचं पांढरं चर्च दिसलं की जंगल संपतं आणि शेवटचे काही किलोमीटर परत उघडे, पण आता बंदर डोळ्यांसमोर असतं. सहाची बोट ठरवली होती, पाचची मिळाली. बाबांच्या बॅटरीत अजून थोडी शिल्लक होती.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी उरलेलं. सरळ पश्चिमेचा वारा असेल तर दोन्ही बाजूंना आडवाच लागतो, तेव्हा डाईकच्या समुद्राकडच्या अंगाने जिथे रस्ता आहे तिथून जा, बांधच आडोसा देतो. लहान मुलं असतील तर दीपगृह सोडून द्या, बंदर, औडेस्खिल्ड, होखे बेर्ख, डेन बुर्ख, जंगल आणि परत, एवढं भरपूर होतं. सायकल नको झाली तर बेटावर आधी बुक करून बोलवायची छोटी बस आहे. शेवटची बोट रात्री नऊच्या सुमारास, पण ती धरून प्लॅन करू नका, दोन बोटी हातात ठेवा. आणि वायव्येचा 6-7 सांगितला असेल तर तो शनिवार सोडा, पुढचा बघा.